दादमर्दनाचे मलम आणि रिकाम्या बेसचे वर्तुळ : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण औषधनिर्माणशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतले आहे. संस्था, माणसे आणि ठिकाण ओळखू येईल असा तपशील वगळला आहे. आकडे त्या प्रयोगांतल्या नोंदींचे आहेत. दुसऱ्या पानांवर, दुसऱ्या बुरशीवर ते जसेच्या तसे येतील असे समजू नये.

पार्श्वभूमी

दादमर्दन, म्हणजे सेना अलाटा, हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले झुडूप आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत वाढते. नायट्यावर त्याची पाने चोळण्याची रीत अनेक देशांत आहे. फिलिपीन्सच्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या 10 वनौषधींतही ते आहे. पानांत ऱ्हाइन, अ‍ॅलो-इमोडिन, क्रायसोफॅनॉल ही अँथ्राक्विनोने, केम्फेरॉलसारखी फ्लेव्होनॉइडे आणि भरपूर टॅनिन असतात. तेव्हा प्रयोगशाळेतल्या संशोधक गटाने केलेली या झुडपाची निवड अंदाजपंचे नव्हती.

निकडही खरी होती. 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनिए ही नायट्याच्या बुरशीची प्रजाती वेगळी म्हणून नोंदली गेली. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण हे औषध ज्या स्क्वॅलीन इपॉक्सिडेज विकराला अडवते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. त्यात स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावून लोक नायटा आणखी पसरवून घेतात. वेगळ्या मार्गाने काम करणारे काही सापडले तर ते हवेच होते.

गटाने पाने सावलीत वाळवून दळली. 500 ग्रॅम पूड 5 लिटर 70% इथेनॉलमध्ये 72 तास, अधूनमधून हलवत, भिजत ठेवली. गाळलेला द्रव रोटरी इव्हॅपोरेटरवर 45 अंश सेल्सिअसच्या आत आटवल्यावर 90 ग्रॅम, म्हणजे 18%, दाट हिरवट-तपकिरी अर्क हाती आला. तो 5% प्रमाणात स्टिअरिक आम्ल आणि ट्रायइथेनॉलअमाइनवर बांधलेल्या क्रीममध्ये मिसळला. टिकाऊपणासाठी क्रीममध्ये 0.18% मिथाइलपॅराबेन, 0.02% प्रोपाइलपॅराबेन आणि 10% प्रोपिलीन ग्लायकॉल होते.

मग बुरशी पेरलेल्या अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या माध्यमात, 8 मिमीची भोके पाडून प्रत्येकात 100 मिग्रॅ मलम भरले आणि ट्रायकोफायटन रुब्रम या नायट्याच्या बुरशीवर चाचणी घेतली. अर्काच्या मलमाभोवती बुरशी न वाढलेले 24 मिमीचे स्वच्छ वर्तुळ आले, 1% क्लोट्रिमॅझोल या नेहमीच्या बुरशीरोधक मलमाभोवती 34 मिमीचे. निर्जंतुक पाण्याभोवती काहीच नाही. या तीन आकड्यांवर गट माणसांवरच्या चाचणीचा आराखडा लिहायला बसला.

अडचण

घोडे अडले ते दुसऱ्या घाणीला, म्हणजे मलम दुसऱ्यांदा केले तेव्हा. कृती तीच, बुरशीचा वाण तोच, पण वर्तुळ 18 मिमी. आधी संशय बीजाणूंच्या प्रमाणावर गेला, मग अगारच्या जाडीवर. दोन्ही तपासले, पण फरक राहिलाच. शेवटी एकाने अर्क न घातलेले, बाकी सगळे तसेच असलेले क्रीम एका भोकात भरले. त्याच्याभोवती 17 मिमीचे वर्तुळ उमटले.

पॅराबेन ही बुरशीरोधकच असतात, त्यासाठीच तर ती घालतात. प्रोपिलीन ग्लायकॉलही त्या प्रमाणात बुरशीला मानवत नाही. 24 मिमीतला बराच भाग बेसचा, म्हणजे अर्क नसलेल्या क्रीमचा, होता आणि दुसऱ्या घाणीत अर्काचा वाटा जवळजवळ शून्यावर आला होता.

पहिल्या चाचणीत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, नव्हता असे नाही. पाणी होते, पण ज्या मलमात पाणी, तेल, पायसकारक, परिरक्षक आणि अर्क असे पाच घटक आहेत, त्याचा कंट्रोल पाणी होऊ शकत नाही. अर्क वगळून उरलेले सगळे, त्याच दिवशी, त्याच प्लेटवर असायला हवे. वनस्पतिज मलमांच्या चाचण्यांत ही गफलत इतकी सर्रास आढळते की, रिकाम्या बेसचा आकडा न दिलेला कोणताही निष्कर्ष आम्ही गंभीरपणे घेत नाही.

म्हणजे प्रश्न दोन होते. अर्कात खरोखर किती दम आहे? आणि पहिल्या घाणीत जे थोडेफार होते ते दुसऱ्या घाणीत गेले कुठे?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता : परिरक्षक बदलायचा आणि पुढे जायचे. त्याने मलम बदलले असते, अर्काबद्दल काहीच कळले नसते.

दुसरा, वनस्पती पूर्वापार वापरात आहे म्हणून थेट स्वयंसेवकांवर मलम लावून पाहायचे. याच्या बाजूने गटात मतही होते. पण ताजे पान दोन दिवस चोळणे आणि सांद्र अर्काचे मलम चार आठवडे लावणे यांत फार अंतर आहे. नैसर्गिक म्हणून त्वचेला निरुपद्रवी असे काही नसते. कच्चा लसूण ठेचून पट्टीखाली बांधल्याने त्वचा भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. शिवाय नुसत्या बेसने काही रुग्णांना बरे वाटले असते आणि श्रेय पानाला गेले असते. हा पर्याय नाकारला, तो योग्यच.

तिसरा, शुद्ध ऱ्हाइन विकत घेऊन त्याचेच मलम करायचे. ते जास्त नेमके झाले असते. पण मग प्रश्न एका रेणूचा उरतो, पानाचा नाही. गटाला उत्तर पानाबद्दल हवे होते.

चौथा पर्याय वेळखाऊ होता : मलम बाजूला ठेवायचे, कच्च्या मालापासून सुरुवात करायची, अर्काची किमान प्रतिबंधक सांद्रता, म्हणजे एमआयसी, प्रमाणित पद्धतीने काढायची, आणि त्यात तथ्य निघाले तरच मलमाकडे परतायचे. हाच निवडला. चार महिने लांबणीवर पडणार हे माहीत असूनही.

काय केले : कच्चा माल

दुसऱ्या घाणीची उरलेली पूड 40 नंबरच्या चाळणीतून काढली तेव्हा चाळणीवर फिकट, काडीसारख्या तंतूंचा थर राहिला. पहिल्या घाणीच्या पुडीत तो नव्हता. दादमर्दनाचे पान संयुक्त असते. मधली दांडी अर्धा मीटर किंवा त्याहून लांब आणि चांगली जाड भरते. पहिल्या वेळी पर्णिका हाताने खुडल्या होत्या, दुसऱ्या वेळी घाईत दांडीसकट दळले होते. वजन तेच भरले, पण त्यातला मोठा वाटा दांडीच्या तंतूंचा होता.

दोन्ही अर्कांचे ठिपके सिलिका प्लेटवर टोल्युईन, इथाइल अ‍ॅसिटेट आणि फॉर्मिक आम्ल (5:4:1) या मिश्रणात चढवले. प्लेटवर 10% पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे इथेनॉलमधले द्रावण फवारले की अँथ्राक्विनोनांचे पिवळे पट्टे लाल होतात. पहिल्या अर्कात ऱ्हाइनच्या जागी ठसठशीत लाल पट्टा आला, दुसऱ्यात तिरपा उजेड टाकल्यावर जेमतेम दिसणारा. तासाभराची ही चाचणी मलम करण्याआधी झाली असती, तर दुसरी घाणी घातलीच गेली नसती.

त्यानंतर नियम ठरले. फक्त पर्णिका, दांडी नाही. प्रत्येक खेपेचा दाबून वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जमा. वाळवण सावलीत, 40 अंशांच्या आत, ओलावा 8% च्या खाली येईपर्यंत. वाळवण रेंगाळली तर पानावर दुसरीच बुरशी धरते आणि अँथ्राक्विनोनांच्या ग्लायकोसाइडांचे रूपही बदलते. आणि प्लेटवर लाल पट्टा मोजून ऱ्हाइनची किमान पातळी गाठल्याशिवाय कोणतीही खेप पुढे न्यायची नाही.

काय केले : एमआयसी

तंतुमय बुरशींसाठी सीएलएसआय या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची एम-38 ही मायक्रोडायल्यूशन पद्धत (छोट्या खाचांत पायरीपायरीने विरळ केलेल्या अर्कात बुरशी वाढवून पाहण्याची) वापरली. आरपीएमआय-1640 माध्यम, मॉप्स बफरने पीएच 7.0, 96 खाचांची प्लेट, 35 अंश, 4 दिवस. बीजाणूंचे प्रमाण मिलिलिटरला 1,000 ते 3,000. अर्क नसलेल्या खाचेतल्या वाढीच्या तुलनेत 80% घट दिसली की ती सांद्रता एमआयसी धरली. ट्रायकोफायटन रुब्रम नेहमीच्या माध्यमावर बीजाणू देताना फार कुरकुर करते, ते ओट्स अगारवर वाढवावे लागते. बीजाणूंसोबत कवकतंतूंचे तुकडे आले की मोजणी बिघडते. म्हणून द्रव 5 ते 10 मिनिटे स्थिर ठेवून वरचाच भाग घेतला.

अर्काच्या बाबतीत जिथे लोक हमखास चुकतात त्या जागा या :

- डीएमएसओ या विद्रावकाचे प्रमाण. ते शेवटी 1% च्या वर गेले की बुरशी विद्रावकानेच दबू लागते. गटाने 100 मिग्रॅ प्रति मिलिलिटरचे मूळ द्रावण करून दुपटीची विरलीकरणे आधी डीएमएसओमध्येच केली. मग प्रत्येक पायरी माध्यमात 50 पट आणि बीजाणूंसह आणखी दुप्पट विरळ केली. त्यामुळे सर्वांत वरची खाच 1,000 मायक्रोग्रॅमची झाली आणि सगळ्या खाचांत डीएमएसओ सारखे 1% राहिले. वाढीच्या कंट्रोलमध्येही तितकेच घातले.
- रंग आणि गाळ. 500 मायक्रोग्रॅमच्या वर हरितद्रव्य आणि राळ तळाशी बसतात. वाचनासाठी प्लेटखाली धरलेल्या आरशात तो गाळ बुरशीच्या वाढीसारखा दिसतो. म्हणून प्रत्येक सांद्रतेसाठी बुरशी न घातलेली एक जोडखाच ठेवली.
- रिसाझुरिन. जिवंत बुरशी या निळ्या रंजकाला गुलाबी करते, म्हणून वाचन सोपे व्हावे यासाठी ते घालण्याचा मोह होतो. पण पानातली फिनॉलिक द्रव्ये स्वतःच त्याचा निळा रंग गुलाबी करतात. जोडखाच गुलाबी झाली तेव्हा ते वापरणे थांबवून डोळ्यांनी वाचन केले.
- बाष्पीभवन. 4 दिवसांत कडेच्या खाचा सुकतात. ओल्या कापसासह प्लेट बंद डब्यात ठेवली आणि कडेच्या खाचा नुसत्या पाण्याने भरल्या. त्यामुळे पायऱ्या कमी झाल्या, प्लेट जास्त लागल्या.

पहिल्या घाणीचा पूर्ण अर्क 250 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला बुरशी थांबवत होता. दांडीच्या पुडीचा अर्क 1,000 ला देखील नाही. तुलनेला, टर्बिनाफिन संवेदनशील वाणावर सर्वसाधारणपणे 0.03 मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी प्रमाणात चालते. कच्च्या अर्काची शुद्ध औषधाशी तुलना करणे पूर्ण न्यायाचे नाही. तरी हा आकडा नजरेसमोर असावा. सर्वसाधारण संकेत असा की 100 मायक्रोग्रॅमच्या खाली आलेला अर्क पुढे नेण्याजोगा आणि 1,000 च्या वरचा सोडून देण्याजोगा.

250 हा आकडा मधल्या पट्ट्यातला असल्याने इथे दुसरा निर्णयबिंदू आला. गटाने अर्काचे एकदाच फ्रॅक्शन करून, म्हणजे वेगवेगळ्या विद्रावकांनी त्याचे भाग पाडून, पाहायचे आणि तरीही 100 च्या खाली आले नाही तर विषय बंद करायचा, असे आधी लिहून ठेवले. मर्यादा आकडा येण्यापूर्वी ठरवली, ही या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट आम्हाला वाटते.

20 ग्रॅम अर्क 200 मिली पाण्यात मिसळून आधी हेक्झेनने आणि मग इथाइल अ‍ॅसिटेटने, प्रत्येकी तीनदा, धुतला. पहिल्या प्रयत्नात पिवळा रंग पाण्याच्या थरातच अडून बसला. ऱ्हाइन हे कार्बॉक्सिलिक आम्ल आहे. उदासीन पाण्यात ते आयन होऊन विरघळलेलेच राहते. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 3 वर आणताच रंग वरच्या थरात चढला. टॅनिनमुळे दोन थरांमध्ये फेसाळ साय धरली, ती 5 ग्रॅम मीठ घालून रात्रभर ठेवल्यावर मोडली.

हेक्झेन आणि पाणी, दोन्ही फ्रॅक्शनांत 1,000 पर्यंत काही नाही. इथाइल अ‍ॅसिटेट फ्रॅक्शनने 62.5 मायक्रोग्रॅमला बुरशी थांबवली. टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या इंडोटिनिएच्या दोन वाणांवरही आकडा 62.5 आणि 125 असाच आला. त्या वाणांचा बचाव स्क्वॅलीन इपॉक्सिडेजपुरता असल्याने हे अपेक्षित होते, तरी प्लेटवर पाहिल्यावर हुरूप आला. कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्ट प्रकारच्या बुरशीवर मात्र 1,000 ला देखील परिणाम नाही. तेव्हा 'बुरशीवर चालते' असे मोघम विधान या पानाबद्दल करता येत नाही.

एक विरजण पुढे पडले. माध्यमात केराटिनची पूड घातली तेव्हा 62.5 चे 250 झाले. टॅनिन आणि इतर फिनॉलिक द्रव्ये केराटिनला चिकटतात आणि बुरशीसाठी उरतात कमी. नायट्याची बुरशी त्वचेच्या ज्या थरात राहते तो थर केराटिनचाच असतो. चाचणी नळीतला आकडा त्वचेवर का टिकत नाही, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

काय केले : मलम पुन्हा

जुना बेस दोन कारणांनी बाद झाला. अर्काचा पीएच 4.5 च्या आसपास होता. स्टिअरिक आम्ल आणि ट्रायइथेनॉलअमाइनच्या साबणावर उभे असलेले क्रीम आम्लाने फुटते, तीन आठवड्यांत तळाला पाणी सुटले होते. शिवाय अमाइनच्या अल्कतेने अँथ्राक्विनोने लालसर होऊन मलमाच्या कडा गुलाबी दिसू लागल्या होत्या. दादमर्दन लावलेल्या अंगावर साबण लावल्यावर कपड्यांवर पडणारे गुलाबी डाग त्याच कारणाचे. नवा बेस आयनरहित, सिटोमॅक्रोगॉलचा घेतला. तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही भाग 70 ते 75 अंशांना मिसळले, फ्रॅक्शन 40 अंशांच्या खाली घातले.

परिरक्षकाचा प्रश्न तरीही उरतोच. पाणी असलेले क्रीम त्याच्याशिवाय ठेवता येत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा निर्जल बेस सुचवला गेला होता, पण तो स्वतःच पाणी शोषून बुरशीला कोरडे पाडतो. एक खोटे वर्तुळ टाळायला दुसरे आणायचे, असे झाले असते. अखेर चाचणीपुरते परिरक्षकाविना छोटे नमुने करून, फ्रिजमध्ये ठेवून, 3 दिवसांत वापरले. टिकाऊ मलम वेगळे केले. प्लेटवर चारही शेजारी : नुसता बेस 0, बेस आणि 2% फ्रॅक्शन 15 मिमी, परिरक्षक असलेला बेस 17, परिरक्षक आणि 2% फ्रॅक्शन 21.

15 हा आकडा अर्काचा स्वतःचा. मूळच्या 24 पेक्षा लहान आणि खरा.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी बाह्यत्वचेच्या नमुन्यावर ओईसीडी 439 पद्धतीने दाह तपासला. 2% मलमाने पेशींची जीवनक्षमता 50% च्या बऱ्याच वर राहिली, 5% ने ती त्याखाली, म्हणजे दाहकारक ठरण्याच्या पातळीवर, गेली. जास्त अर्क म्हणजे जास्त गुण, ही समजूत तिथे थांबली. 40 अंश आणि 75% आर्द्रतेत 3 महिने ठेवल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतले ऱ्हाइन 90% च्या वर टिकले, पारदर्शक बरणीतले निम्म्याच्या जवळ घसरले.

निष्पत्ती

जुना आराखडा मागे घेतला. नव्यात तीन गट आहेत : परिरक्षक असलेला रिकामा बेस, तोच बेस 2% फ्रॅक्शनसह, आणि 1% क्लोट्रिमॅझोल. फक्त प्रौढ, अंगावर एकच मर्यादित चट्टा. डोक्यातला किंवा नखांचा संसर्ग असलेले वगळले, कारण तिथे पोटातून औषध लागते आणि मलमावर वेळ घालवणे रुग्णाचे नुकसान आहे. मधुमेही आणि नुकतेच स्टिरॉइड लावलेलेही वगळले. चट्टा दोन आठवड्यांत पसरला तर लगेच प्रमाणित उपचार. बरे झाल्याचा निकष खाज कमी होणे हा नाही. चौथ्या आठवड्याला त्वचेची खरवड घेऊन केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधण्याची) आणि कल्चर (बुरशी वाढवून पाहण्याची), दोन्ही निगेटिव्ह हवीत. नैतिक समितीने संमती देताना एक अट घातली : प्रत्येक खेपेच्या ऱ्हाइनचा आकडा मलमाच्या नळीवर छापायचा. भरती अजून सुरू झालेली नाही.

काय वेगळे करता आले असते

क्रम उलटा झाला, हे मूळ. मलम आधी आणि एमआयसी नंतर. अर्कात दम किती हे कळण्यापूर्वी बेसवर घालवलेला सगळा वेळ वाया गेला, कारण तो बेस पुढे टाकूनच द्यावा लागला.

केराटिनची चाचणी एमआयसीसोबतच, त्याच आठवड्यात करायला हवी होती. ती दोन महिने उशिरा झाली. आधी झाली असती तर टॅनिन काढून टाकण्याची एक पायरी फ्रॅक्शनमध्ये घालता आली असती. जिलेटिन किंवा पॉलिअमाइडवर टॅनिन धरून ठेवता येते. अर्थात पॉलिअमाइड फ्लेव्होनॉइडेही अडवते आणि काम ऱ्हाइनचे एकट्याचे आहे की जोडीचे, हे या गटाला अजून ठाऊक नाही. ते कळायला शुद्ध ऱ्हाइन आणि फ्रॅक्शनमधल्या ऱ्हाइनइतक्याच मात्रेची तुलना एका प्लेटवर पुरली असती. तिसरा पर्याय मलम म्हणून नाकारणे बरोबर होते, पण कंट्रोल म्हणूनही तो सोडून दिला गेला. सध्या तीच प्लेट लावली जात आहे आणि तिचा निकाल येईपर्यंत मलमातले 2% हे प्रमाण वाढवायचे नाही, असे ठरले आहे.